अण्णांच्या केमोआधी

पुणे, १० ऑगस्ट

प्रिय विन्या,

गणपतीत घरी लोकांना येऊ द्यावं का, एवढंच तू विचारलंस. येऊ दे. आरती बाहेरच्या खोलीत करा, अण्णांच्या खोलीत गर्दी नको. ज्याला सर्दी-खोकला असेल त्याने यायचंच नाही. बंडूकाका ऐकणार नाहीत, त्यांच्या हातात दारातच मास्क दे.

खरं सांगू? बाहेरून येणाऱ्या विषाणूंपेक्षा अण्णांच्या अंगात आधीपासून दडून बसलेल्यांची मला जास्त धास्ती वाटते.

लिम्फोमासाठी त्यांना रिटुक्सिमॅब देणार म्हणतोस. ते औषध बी-पेशी, म्हणजे रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, मारतं. कॅन्सर त्याच पेशींचा, म्हणून लागू पडतं. पण विषाणूंविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात तीही याच पेशींपासून. पुष्कळांना हिपॅटायटिस बी कधीतरी होऊन गेलेला असतो आणि पत्ताही नसतो. त्याचा डीएनए यकृताच्या पेशींत पडून राहतो, प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. ती खचली की तो उसळतो. कावीळ होते, क्वचित यकृतच निकामी होतं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०१३मध्ये या औषधावरच्या ठळक इशाऱ्यात ही जोखीम घातली.

तेव्हा पहिल्या डोसाआधी एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी आत्ता आहे का) आणि अँटी-एचबीसी टोटल (कधी होऊन गेला का), दोन्ही रक्ततपासण्या झाल्यात का ते फाइलीत बघ. आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या चिठ्ठ्यांवर बऱ्याचदा पहिलीच लिहिलेली असते. ती निगेटिव्ह आली की घरचे निर्धास्त. दुसरी पॉझिटिव्ह आली तर केमो थांबते असं नाही. एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिरची, म्हणजे हा विषाणू दाबून ठेवणारी, गोळी सुरू करतात आणि उपचार संपल्यावरही निदान वर्षभर ठेवतात. मधेच बरं वाटतंय म्हणून अण्णा ती सोडतील, तुझं लक्ष असू दे.

दुसरी भानगड नागिणीची. लहानपणी कांजिण्या झाल्या असतील तर तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी जन्मभर राहतो आणि केमोत संधी साधतो. अंगाच्या एकाच बाजूला आग-आग, मग फोडांचा पट्टा. तुमच्या गावात लगेच कोणीतरी गेरू लावा, मंत्र घाला, तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, असलं सांगणार. हो-हो म्हण आणि सरळ दवाखाना गाठ. विषाणूविरोधी गोळ्या ७२ तासांत सुरू झालेल्या उत्तम. उशीर झाला तरी जायचंच.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या काळात ताप १००.४ झाला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजतासुद्धा निघायचं. कारण बहुधा जिवाणू असतात, पण विषाणू की जिवाणू हे घरी बसून कुणालाच कळत नाही.

लसींचं: अण्णांना जिवंत विषाणूची कुठलीच लस नको. फ्लूचं इंजेक्शन चालतं, पण कधी घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही सगळ्यांनीही घ्या. छोट्या ओवीचा पोलिओ डोस येईल, तेव्हा घरी केमोचा पेशंट आहे हे बालरोगतज्ज्ञांना आठवणीने सांग. थेंबांतला जिवंत विषाणू बाळाच्या शीतून बाहेर पडतो, इंजेक्शनवाल्या लसीत ती अडचण नाही. तिची गोवर-रुबेलाची लस मात्र चुकवू नकोस. घरात कोणालाच गोवर होणार नाही, हे अण्णांच्याच फायद्याचं.

वहिनींना म्हणावं, डेटॉलने घर धुण्यात दमू नका, साबणाने हात धुतले तरी पुष्कळ. जेवण ताजं, गरम.

रिपोर्टांचे फोटो पाठव. रात्री नऊनंतर मी मोकळा असतो.

तुझा,
मिलिंद