आगीच्या दरीतले सरडे खातात काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या बालपुरवणीत क्रमशः येणारी ज्वालामुखीच्या बेटाची अद्भुतकथा आमच्या घरी दर रविवारी मोठ्याने वाचली जाते. गेल्या रविवारी नायक आगीच्या दरीत उतरला, लाव्हारसात पोहणाऱ्या सरड्यांनी त्याला वेढले आणि माझ्या सात वर्षांच्या नातवाने मध्येच विचारले, “आजोबा, हा तिथे यायच्या आधी ते काय खायचे?” जन्मभर भूगोल शिकवूनही मला उत्तर देता आले नाही, कारण कथेतल्या त्या दरीत गवताचे पातेही उगवत नाही.

अद्भुताला माझा विरोध नाही. सरड्यांनी लाव्हारसात खुशाल डुंबावे. लाव्हारस पाण्याच्या अडीच पट जड असल्याने त्यात बुडी मारणे अवघड, ही मास्तरी खोड मी गिळून टाकतो. मात्र प्राणी केवळ नायकाला खाण्यासाठी ताटकळत बसलेले असले, की ते जग नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यासारखे वाटू लागते.

खरे जीव याहून विलक्षण आहेत. आपल्याच हिंदी महासागराच्या तळाशी, अडीच हजार मीटरच्या आसपास खोलीवर, कढत पाणी ओकणाऱ्या धुराड्यांपाशी २००१ मध्ये एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर लोहाच्या सल्फाइडने मढलेले खवले असतात, म्हणजे अक्षरशः चिलखत. आणि सूर्यप्रकाश कधीच न पोहोचणाऱ्या त्या जागी तिचे पोट भरतात ते तिच्या अन्ननलिकेच्या ग्रंथीत वस्तीला असलेले जिवाणू, जे विषारी हायड्रोजन सल्फाइडमधून ऊर्जा मिळवतात. गॅलापागोसमधल्या फर्नांदिना बेटावर तर इग्वाना सरड्यांच्या माद्या अंडी घालण्यासाठी जागृत ज्वालामुखी चढून त्याच्या विवरात उतरतात.

धोक्याचेही तसेच. कथेत मरण नेहमी ज्वाळांतून येते. ऑगस्ट १९८६ मध्ये कॅमेरूनमधल्या न्योस या ज्वालामुखी सरोवरातून रात्री कार्बन डायऑक्साइडचा लोट बाहेर पडला, हवेहून जड असल्याने तो उतारावरून खोऱ्यांत पसरला आणि सुमारे १,७०० माणसे व हजारो गुरे गुदमरून मेली. असा वायू खळग्यांत साचतो. बिळात झोपणाऱ्या प्राण्यांना तो आधी गाठतो. आपल्या लेखकाचे सरडे तर खळग्यातच घरटी करतात! त्यांना रात्री उंच दगडी खांबांवर चढून झोपायला लावले, तर नायकालाही तिथेच, त्यांच्या शेजारी, रात्र काढावी लागेल.

तसे खांब पाहायला लांब जायला नको. अंधेरीची गिल्बर्ट हिल म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाचे उभे खांब, साधारण ६० मीटर उंचीचे. परवा नातवाला तिथे नेले. गावदेवीच्या देवळाकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर त्याने कातळाला हात लावला; उन्हाने तो चांगलाच तापला होता. “अजून गार झाला नाही,” तो म्हणाला आणि भेगेतून वर आलेले पिंपळाचे रोपटे त्याने मला दाखवले. “सरडे हे खात असतील.”

त्याची ही सूचना कृपया लेखकांपर्यंत पोहोचवावी.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
अंधेरी (पश्चिम), मुंबई