सेन्सर न बदलता गाडी नीट करणाऱ्या उस्तादांना

उस्ताद,

सप्रेम नमस्कार.

यंदाचा अख्खा पावसाळा मी कुंभार्ली घाटातून चिपळूण-कराड ये-जा केली आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा एकदाही लागला नाही. फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही "बरं झालं ताई" म्हणालात आणि कामाला लागलात. माझं तेवढ्यावर समाधान होईना, म्हणून चारचौघांना वाचता येईल असं हे पत्र.

तुमच्याकडे येण्याआधी दुसरीकडे दोनदा ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग, बदलून झाला होता. स्कॅनरवर दिसणारा दोषाचा कोड दर वेळी तोच, पी ०१३५. नवा सेन्सर बसायचा, कोड पुसला जायचा, काही दिवस बरे जायचे आणि मोठा पाऊस झाला की दिवा परत हजर. ॲव्हरेज घसरलेलं. आईला तपासणीसाठी कराडला न्यायचं असलं की आदल्या रात्रीपासून माझ्या जिवाला घोर.

तुम्ही आधी विचारलंत, "दिवा नेमका कधी लागतो?" हा प्रश्न तोवर मला कोणीच विचारला नव्हता. मग म्हणालात, "हा कोड हीटरच्या सर्किटचा आहे. फ्यूजपासून गाडीच्या कॉम्प्युटरपर्यंत सगळं त्यात आलं. सेन्सर हा त्यातला एक तुकडा."

सेन्सरमध्ये हीटर असतो हेच मला नवीन होतं. तुम्ही समजावलंत की साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय सेन्सर धड काही सांगू शकत नाही, आणि तोवर कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल सोडतो. घरी गेल्यावर मी वाचलं. १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत बॉशचा हा सेन्सर पहिल्यांदा आला तेव्हा त्यात हीटर नव्हता, सायलेन्सरच्या धगीवरच तो तापायचा. आताच्या गाड्यांत इंजिन सुरू झाल्यावर थोड्याच वेळात तो कामाला लागावा लागतो, म्हणून हीटर हवाच.

डिकीत पडलेले आधीचे सेन्सर तुम्ही मागून घेतलेत, हीटरचे ओहम मोजलेत. दोन्ही ठणठणीत. तिथेच दुसरा कोणी असता तर तिसरा सेन्सर मागवून मोकळा झाला असता.

त्यानंतरचं काम मी विसरणार नाही. सेन्सरची वायर जिथे जोडली जाते त्या कपलरवर मल्टीमीटर लावला तर बारा व्होल्ट बरोबर दिसत होते. तुमच्याकडचा मुलगा म्हणाला, "सप्लाय ओके आहे." तुम्ही काही न बोलता इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब त्याच वायरीवर लावलात आणि तो कसाबसा मिणमिणला. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे एखाद-दुसरी तार शाबूत असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, तिथे वायरीचं खरं रूप उघडं पडतं. हे तुम्ही त्या मुलाला आणि मला एकाच वेळी, न वैतागता सांगितलंत.

मग टेप सोडत सोडत गेलात. गिअरबॉक्सजवळच्या पट्टीवर वायर घासून आवरण फाटलेलं, आत पाणी शिरून तांबं हिरवं पडलेलं, दोन-तीन तारा उरलेल्या. घाटातले हादरे आणि आपल्याकडचा पाऊस, दोन्हींचा हिशोब तिथे लागला. दिवा लगेच का परतायचा नाही तेही तुम्हीच सांगितलंत: बहुतेक गाड्यांत हा दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत सापडल्याशिवाय दिवा लागत नाही, आणि हादऱ्यांनी तारा मधूनच जुळायच्याही.

नवी वायर जोडून, क्लिप लावून ती पट्टीपासून दूर बांधलीत. कपलरमध्ये ग्रीस भरू का, असं मुलाने विचारलं तेव्हा अडवलंत. पुष्कळ सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा स्वतःच्या वायरींमधूनच आत घेतात, ती वाट बंद करायची नाही. त्याच कारणाने सेन्सरच्या वायरीला डाखही द्यायचा नाही. इतकं बारीक ज्ञान तुमच्या हातात आहे, उस्ताद, आणि त्याचा तुम्ही कुठे गाजावाजा करत नाही.

बिलात वायर, क्लिप आणि मजुरी. सेन्सर शून्य. शिवाय असंच जास्त पेट्रोल जात राहिलं असतं तर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब झाला असता, आणि त्याचा खर्च सेन्सरच्या कितीतरी पट. तो माझा वाचला.

एक विनंती आहे. आयटीआयची मुलं तुमच्याकडे शिकायला येतात, त्या प्रत्येकाला ती बल्बची चाचणी स्वतःच्या हाताने करू द्या. स्कॅनर आता सगळ्यांकडे आहे, तपास करणारी माणसं कमी आहेत.

पुढच्या सर्व्हिसिंगला ती क्लिप पुन्हा बघायची म्हणाला होतात. दिवाळीनंतर गाडी घेऊन येते. आईही येणार आहे, तिला तुमचे आभार समोरासमोर मानायचे आहेत.

आपली कृतज्ञ,
चिपळूणची एक ग्राहक