मोह वेचणाऱ्यांना बंदी नको, जाळी द्या

मा. संपादक,
स. न.

मोहाच्या झाडाची फुलं वेचण्याच्या हंगामात गावकऱ्यांना जंगलात शिरूच देऊ नये, हे कालच्या अंकातलं मत वाचून राहवलं नाही. वणवे लागतात, हे खरं. पण ते का लागतात, यावर त्यात एक ओळही नाही.

मोह मार्च-एप्रिलमध्ये गळतो, रात्री उशिरापासून सकाळपर्यंत. तोवर जंगलात पाचोळ्याचा थर साचलेला असतो. त्यात ते पिवळट फूल दिसत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी झाडाखाली पेटवतात आणि माणसं घरी जातात. चूक इथे होते. सागाचं जळतं पान वाऱ्याने उडून पुढच्या पाचोळ्यात पडतं. मग धावड्याची, तेंदूची रोपं तर जातातच, खुद्द मोहाचा बुंधाही दरवर्षी त्याच जागी भाजून पोखरत जातो.

फेब्रुवारीतच झाडाच्या घेराखालचा पाचोळा खराट्याने ओढून खड्ड्यात टाकावा, खत होतं. मग घेराएवढी जाळी बांबूच्या खुंट्यांना कमरेएवढ्या उंचीवर बांधावी, मधोमध जरा सैल, म्हणजे फुलं तिथे गोळा होतात. जाळी जमिनीला टेकता कामा नये. फूल रसाळ, चिकट. त्याला माती, राख लागली की व्यापारी भाव पाडतो. अडचण पैशाची आहे. जाळी हंगामाआधी घ्यावी लागते आणि त्या घरांत पैसा येतो तो मोह विकल्यावर. वनसमितीने ती उधारीवर द्यावी, वसुली मोहातून करावी. पहारा ठेवण्यापेक्षा हे सोपं आहे.

बियांचंही तसंच. तेलासाठी सगळ्या वेचल्या तर नवं झाड येणार कुठून? मोहाची बी फार दिवस टिकत नाही, ताजी असतानाच पहिल्या पावसात लावावी लागते. पुढे फुलावर यायला आठ-दहा वर्षं. त्यामुळे काही बिया झाडाखाली राहू देणं गरजेचं आहे.

2006 च्या वनाधिकार कायद्याने परंपरेने गोळा होणाऱ्या गौण वनोपजावर, म्हणजे मोहाची फुलं, बिया अशा लाकडाखेरीजच्या जंगलउत्पन्नावर, वनवासींची मालकी मान्य केली आहे. बंदी मागण्याआधी तेवढं तरी वाचायला हवं होतं.

आणखी एक. त्या मतासोबत छापलेला वणव्याचा फोटो पाइनच्या जंगलाचा आहे. इंदूरजवळच्या चोरल-मानपूरकडे साग आहे, पाइन नाही. कृपया फोटो इथलाच छापावा.

आपला,
एक नियमित वाचक, इंदूर