सहा डिसेंबरला फाटक उघडं ठेवू या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

६ डिसेंबर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन, जवळ आला की शिवाजी पार्कात मंडपांचे बांबू उतरू लागतात आणि भोवतालच्या इमारतींत बॅगा भरल्या जातात. कुणी लोणावळ्याला जातं, कुणी मुलाकडे ठाण्याला. मीही त्यातलीच होते. लग्न होऊन इथे आल्यापासून जवळजवळ दरवर्षी आम्ही ५ तारखेला कुलूप लावून पुण्याला जायचो. का जायचं, हे घरात कधी कुणी बोललं नाही. ‘गर्दी असते’, एवढंच.

चार वर्षांपूर्वी सासूबाईंच्या पायाचं हाड मोडलं आणि आम्हाला थांबावं लागलं. ५ तारखेच्या संध्याकाळी औषधं आणायला खाली उतरले, तर फाटकाशी दोन बायका आणि बारा-तेरा वर्षांची एक मुलगी उभी. हिंगोलीहून आलेल्या. रात्रभर जनरलच्या डब्यात उभ्याने प्रवास झालेला. मुलीला शौचालयाला जायचं होतं, एवढंच त्या विचारत होत्या. वॉचमन नाही म्हणत होता, कारण त्या दोन दिवसांत बाहेरच्या कुणाला आत सोडू नये अशी नोटीस आम्हीच लावली होती. त्या नोटिशीवर माझ्या घराचीही सही होती. मी त्यांना वर घेऊन गेले. चहा झाला. निघताना थोरली म्हणाली, “उद्या चला की आमच्यासंगं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्याबरोबर रांगेत उभी राहिले. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, ती जागा माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. इतकी वर्षं मी संध्याकाळी त्या बाजूला फिरायला जात होते, पण चैत्यभूमीच्या आत पाऊल टाकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. रांग काही तासांची होती. पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या, कडेवर पोरं घेतलेले बाप, आणि समता सैनिक दलाची मुलं सगळ्यांना हळू, सांभाळून पुढे नेत होती. धक्काबुक्की मला दिसली नाही.

दर्शनानंतर मैदानात आलो. मी अनेक वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. मंडपांमागून मंडप पुस्तकांचे होते. संविधानाच्या प्रती, बाबासाहेबांची भाषणं, फुले-शाहूंची चरित्रं, कवितासंग्रह, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. एका स्टॉलवर एक तरुण तीन पुस्तकं हातात धरून खिशातले पैसे मोजत होता. एक त्याने परत ठेवलं. थोड्या वेळाने पुन्हा आला, तेच पुस्तक उचललं आणि पैसे देऊन गेला. माझ्याबरोबरच्या थोरल्या बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी नातीलाच निवडायला सांगितलं आणि विक्रेत्याला बजावलं, “अक्षर मोठं असलेलं द्या, हिनं मला रोज वाचून दाखवायचं हाय.” आपल्या घराखाली दरवर्षी एवढी पुस्तकं विकली जातात आणि आपण मात्र गावाला गेलेलो असतो, याचं मला फार वाईट वाटलं.

धुळीचा आणि आवाजाचा त्रास खरा आहे, तो मी नाकारत नाही. रहिवासी उच्च न्यायालयात गेले, २०१० मध्ये मैदान शांतता क्षेत्र ठरलं, पुढे खेळांव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांना वर्षातून ४५ दिवसांची मर्यादा आली. ते योग्यच झालं. पण धूळ बारा महिने उडते. २६ जानेवारीच्या संचलनाला आम्ही पाहुणे बोलावून गॅलरीत उभे राहतो. पाडव्याला दारापुढे रांगोळ्या घालतो, दुर्गापूजेला बेंगाल क्लबच्या मंडपात सहकुटुंब जातो. घराला कुलूप लावून निघून जातो ते या एकाच दिवशी.

हे मैदान १९२५ साली माहीम पार्क म्हणून खुलं झालं. १९२७ मध्ये, शिवजन्माची त्रिशताब्दी मानल्या गेलेल्या वर्षी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवरायांचं नाव मिळालं. शंभर वर्षं इथे माणसं जमत आली आहेत.

महापालिका मंडप, पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं पुरवते. तरीही रात्री बायकांच्या रांगा संपत नाहीत. आमच्यापैकी बहुतेक इमारतींत तळमजल्यावर एक तरी शौचालय असतंच. ४ ते ६ डिसेंबर ते बायका-मुलांसाठी उघडं ठेवलं, फाटकाशी पिण्याच्या पाण्याचा पिंप, चार खुर्च्या आणि मोबाइल चार्जिंगचा एक बोर्ड ठेवला, तर कुणाचं काय बिघडणार आहे? गेल्या वर्षी हा विषय मी सोसायटीच्या सभेत मांडला. चोरीची भीती, साफसफाईचा प्रश्न, सगळं निघालं. अखेर सात घरांनी आळीपाळीने खाली बसायची तयारी दाखवली आणि फाटक उघडलं. काहीही चोरीला गेलं नाही. सफाई कामगारांना त्या दिवसांचे जादा पैसे दिले. यंदा आमच्यात आणखी पाच घरं आली आहेत.

आपल्याला एक विनंती आहे. वाहतुकीतील बदलांची माहिती आपण दरवर्षी छापता. त्याच पानावर, ज्या इमारती या दिवसांत शौचालय आणि पाण्याची सोय करणार आहेत, त्यांची यादीही द्यावी. आमच्या इमारतीचं नाव या पत्रासोबत वेगळ्या कागदावर पाठवत आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
शिवाजी पार्क, दादर