नावं विचारायची राहिलेल्यांचे आभार

आईच्या संडासातून रक्त जात होतं. वर्षभर आम्ही त्याला मूळव्याध म्हणत सुरणाची भाजी खाऊ घालत बसलो. "वहिनी, लाजू नका, एकदा दुर्बिणीने तपासून घ्या," असं दटावणाऱ्या गावच्या सिस्टरबाई, पहिला नमस्कार तुम्हाला. गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा, कॅन्सर निघाला.

मग परळ. टाटा मेमोरियलच्या रांगेत गोंधळून उभा होतो, तेव्हा ज्या काकांनी माझी फाईल हातात घेऊन रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून दिले, ते स्वतःही पेशंटच होते. रेल्वेची सवलत मिळते, फॉर्मवर दवाखान्याचा सही-शिक्का घ्या, हेही त्यांनीच सांगितलं.

सगळ्यात मोठं ऋण मात्र दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतल्या एका मावशींचं. ऑपरेशननंतर शौचासाठी पोटावर पिशवी आली आणि आईने बोलणंच टाकलं. मावशींनी दार लोटलं, पदर बाजूला केला आणि स्वतःची पिशवी दाखवली. "सहा वर्षं झाली. भाकऱ्या थापते, एस्टीने फिरते." मग कात्री घेऊन पिशवीचं भोक मापात कसं कापायचं, कातडी कोरडी कशी ठेवायची आणि पिशवी एकतृतीयांश भरली की लगेच रिकामी का करायची, हे सगळं शिकवलं. नर्सनेही हेच सांगितलं होतं, पण आईने ऐकलं ते मावशींचं.

डॉक्टर म्हणाले, सख्ख्या नात्यात आजार आहे, तुम्हीही चाळिशीत तपासून घ्या. माझी आणि ताईची कोलोनोस्कोपी, म्हणजे तीच दुर्बिणीची तपासणी, झाली. आदल्या रात्री पोट साफ करायचं औषध पिऊन रात्रभर संडासाच्या फेऱ्या मारताना, सिस्टरबाई, तुमची फार आठवण आली!

मावशी, आई परवा एस्टीने पंढरपूरला जाऊन आली.