गूढ छापता, मग उत्तरही छापा की

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत समुद्रातल्या गूढ गोष्टींवर पानभर मजकूर होता. मांडणी छान, फोटो तर एकदम भारी, पण वाचून झाल्यावर चिडचिडच झाली म्हणून हे पत्र. त्यातल्या बहुतेक गूढांची उत्तरं केव्हाच सापडलीयेत, काहींना तर वीस वर्षं होऊन गेली, आणि तुमच्या प्रत्येक चौकटीच्या शेवटी मात्र तेच, "शास्त्रज्ञही चक्रावले". अहो चक्रावले होते, मान्य, पण नंतर कामाला लागले आणि शोधून काढलं ना, ते कोण छापणार?

आता तो 'ब्लूप'चा आवाज घ्या. १९९७ साली अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेच्या पाण्याखालच्या मायक्रोफोनांनी दक्षिण पॅसिफिकमध्ये एक प्रचंड आवाज टिपला, एकमेकांपासून जवळपास ५ हजार किलोमीटर लांब असलेल्या मायक्रोफोनांवर तो आला, इथपर्यंत सगळं खरंय. देवमाशापेक्षाही मोठा कुठला तरी जीव असणार ही आवई तिथूनच उठली. पण पुढच्या वर्षांत अंटार्क्टिकाच्या जवळ मायक्रोफोन लावले गेले आणि तिथे बर्फ तडकताना, हिमनगांचे तुकडे सुटताना जे आवाज मिळाले त्यांचे आलेख ब्लूपशी जुळले. बर्फ तडकला होता, बस. आणि नेटवर जी क्लिप फिरते ती १६ पट वेगाने वाजवलेली असते, म्हणून ते मोठा बुडबुडा फुटल्यासारखं ऐकू येतं. तुमच्या चौकटीत यातलं एक अक्षर नाही. खरं तर आवाज इतक्या लांब गेला कसा हेच जास्त इंटरेस्टिंग आहे. बऱ्याच समुद्रांत साधारण एक किलोमीटर खोलीच्या आसपास एक थर असतो जिथे आवाजाचा वेग सगळ्यात कमी असतो, वरचं पाणी गरम म्हणून तिथे वेग जास्त, खाली दाब जास्त म्हणून तिथेही जास्त, त्यामुळे आवाज वर जायला लागला की वळून परत येतो, खाली गेला तरी वळून परत येतो, आणि असा त्या थरात अडकून हजारो किलोमीटर जात राहतो.

मग तो जपानी बोटीला सापडलेला 'डायनासोर'. एप्रिल १९७७ मध्ये न्यूझीलंडजवळ झुइयो मारू नावाच्या मासेमारी बोटीच्या जाळ्यात सुमारे ३०० मीटर खोलीवरून एक कुजलेलं धूड वर आलं, १० मीटर लांब, वजन १८०० किलोच्या आसपास, बारीक डोकं आणि लांबच लांब मान. पकडलेली मासळी खराब होईल म्हणून लोकांनी फोटो काढले, पोहायच्या पराचे थोडे तंतू कापून घेतले आणि धूड परत पाण्यात लोटलं. फोटो छापून आल्यावर प्लेसिओसॉर, म्हणजे लांब मानेचा समुद्री सरपटणारा प्राणी, जिवंत आहे म्हणून नुसता धुमाकूळ, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपलेला प्राणी! तुम्ही इथेच थांबलात. त्या तंतूंची तपासणी झाली, त्यातल्या प्रोटीनची घडण बास्किंग शार्कच्या प्रोटीनशी जुळली, हे सांगायला फार तर दोन ओळी लागल्या असत्या.

शार्क कुजल्यावर मान कुठून येते असं कुणीही विचारेल, आणि मला विचाराल तर सगळ्यात मजेशीर भाग तोच आहे. बास्किंग शार्क हा भलामोठा मासा तोंड उघडं ठेवून पोहतो आणि पाण्यातले बारीक जीव गाळून खातो, त्यामुळे त्याचा जबडा प्रचंड आणि कल्ल्यांच्या फटी डोक्याला जवळजवळ वेढा घालणाऱ्या. पण हे सगळं कवटीला तसं सैलच जोडलेलं असतं. मेल्यावर आधी तेच गळून पडतं, आणि मागे राहते एवढीशी कवटी आणि तिच्यामागे पाठीचा कणा, झाली की मान तयार. शेपटीच्या खालच्या पात्यात कणा नसतो म्हणून ते पातंही निघून जातं आणि शेपूट सरड्यासारखी निमुळती दिसायला लागते, वर पर आणि स्नायू फिसकटून त्यांचे तंतू सुटतात ते लांबून केसांसारखे दिसतात. म्हणजे आयाळ असलेला सागरी सर्प आपोआप तयार होतो, कुणी खोटं बोलायचीसुद्धा गरज नाही.

देवमाशाचंही असंच होतं. हाडं निसटून बुडतात आणि चरबी आणि चिवट तंतूंचा एक गोळा तेवढा किनाऱ्याला लागतो, ना डोळे ना हाडं. २००३ साली चिलीच्या किनाऱ्यावर असा १३ टनांचा गोळा आला होता, महाकाय ऑक्टोपस म्हणून गाजला, पुढच्याच वर्षी डीएनए तपासणीत स्पर्म व्हेल निघाला. १८९६ मध्ये फ्लोरिडात सापडलेला तसलाच गोळासुद्धा शेवटी देवमाशाचाच ठरला, त्याला तर एका प्रोफेसरने ऑक्टोपस म्हणून शास्त्रीय नावही देऊन टाकलं होतं आणि मग लगेच मागे घेतलं होतं.

इथपर्यंत म्हणाल की वाचणाऱ्याला तेवढीच करमणूक, काय बिघडलं. पण ओरफिश या खोल पाण्यातल्या लांबलचक माशाच्या बाबतीत असं म्हणता येत नाही. तुम्ही हेडिंग दिलंय 'प्रलयाचा मासा', आणि खाली लिहिलंय की तो किनाऱ्यावर आला की भूकंप येतो अशी जपानी समजूत आहे, बस. समजूत आहे हे बरोबर, पण जपानच्याच संशोधकांनी ती तपासून २०१९ मध्ये निकाल छापलाय! १९२८ ते २०११ या काळातल्या अशा खोल पाण्यातल्या माशांच्या ३३६ नोंदी काढल्या, समोर २२१ मोठे भूकंप ठेवले, आणि मासा दिसल्यावर ३० दिवसांत १०० किलोमीटरच्या आत भूकंप झाला असं किती वेळा घडलं, तर एकदा. फक्त एकदा. हा आठेक मीटरपर्यंत वाढणारा चंदेरी मासा एरवी शेकडो मीटर खोल राहतो आणि आजारी पडला, मरायला टेकला किंवा वादळात सापडला की वर येतो. लोक असल्या बातम्या फॉरवर्ड करून एकमेकांना घाबरवतात, त्यात आता एआयने बनवलेले व्हिडिओ आलेत, आणि त्यात पेपरनेच भर घालावी हे काही बरोबर नाही.

बरं, उत्तर सापडलं की मजा जाते असंही नाही. दक्षिण महासागरात १९६० च्या दशकापासून पाणबुड्यांना बदकासारखा एक आवाज ऐकू यायचा, त्याला नावच बायो-डक पडलं होतं, पन्नासेक वर्षं कुणाला पत्ता नाही. शेवटी मिंकी देवमाशांच्या पाठीवर रेकॉर्डर चिकटवले आणि २०१४ मध्ये कळलं की बदक तेच. ही गोष्ट तुमच्या पानावर का नव्हती?

आणि खरंच अर्धवट सुटलेलं गूढ हवं असेल तर दुधाळ समुद्र आहे की. रात्री क्षितिजापर्यंत सगळा समुद्र पांढुरका चमकतो, तोही लाटेबरोबर लुकलुकत नाही, एकसारखा. खलाशी सांगायचे, लोक हसायचे. मग १९९५ मध्ये सोमालियाजवळ एका ब्रिटिश मालवाहू जहाजाने नोंदवलेला प्रकार दहा वर्षांनी जुन्या सॅटेलाइट चित्रांत सापडला, तीन रात्री, सुमारे १५,४०० चौरस किलोमीटर! २०१९ मध्ये जावाच्या दक्षिणेला तर १ लाख चौरस किलोमीटरच्या वर, आणि त्यातून एक शिडाची बोटही गेली होती. चमकणारे बॅक्टेरिया असतात एवढं कळलंय, पण ते एवढ्या मोठ्या संख्येने एकदम जमतात कसे आणि का, यावर अजून काम चालू आहे. खोल समुद्राच्या तळाचा ०.००१ टक्क्याहूनही कमी भाग आजवर प्रत्यक्ष नजरेने किंवा कॅमेऱ्याने पाहिला गेलाय असा अंदाज २०२५ मध्ये आलाय, तेव्हा खऱ्या गूढांची टंचाई आहे असं समजू नका, शिळी गूढं गरम करून वाढायची काही गरज नाही.

माझी मागणी छोटी आहे. पुढच्या वेळी असं पान कराल तेव्हा प्रत्येक गूढाखाली एक ओळ टाका, उत्तर सापडलं, अर्धं सापडलं की नाही, आणि सापडलं असेल तर कोणत्या साली. आणि जपानजवळ समुद्रतळावर डायव्हिंग करणाऱ्यांना १९९५ मध्ये दिसलेली दोन मीटरची वाळूची नक्षीदार वर्तुळं जरूर घ्या, ती हातभरही नसलेला एक नर पफरफिश मादीसाठी आठवडाभर पर हलवून हलवून कोरतो हे २०११ मध्ये कळलं. फोटो मोठा छापा. जागा कमी पडली तर बर्म्युडा ट्रँगल काढून टाका, तिथे इतर कुठल्याही गर्दीच्या सागरी मार्गापेक्षा जास्त जहाजं बुडत नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक