खडकीहून, आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल फोनवर बाबा एकदम गप्प झाले, आणि आईने "बरं, जेवलीस का?" विचारून फोन ठेवला. रात्रभर डोळा लागला नाही. दहा दिवसांचं शिबिर सांगून आले आणि इथली नोकरी धरली, हे माझं चुकलंच. पण आधी विचारलं असतं तर बाबा "जा" म्हणाले असते आणि त्यांचा चेहरा बघून माझाच पाय निघाला नसता. फोंड्याच्या दवाखान्यात कंबर-गुडघे बघायला दुसरी फिजिओथेरपिस्ट मुलगी मिळेल. पगार थोडा कमी आहे, पण वर्षभराचंच बोलणं झालंय.

खडकीचं हे केंद्र 1974 पासून मणक्याला मार लागलेल्या जवानांचं घर आहे. शिबिरात माझ्याकडे एक चोवीस वर्षांचा मुलगा होता. कंबरेखाली काहीच कळत नाही. पलंगावरून व्हीलचेअरवर यायला फळी लावतात. एक टोक मांडीखाली, दुसरं खुर्चीवर, आणि हातांवर अंग तोलत सरकायचं. आठव्या दिवशी तो कुणाचा हात न धरता सरकला. घामाने थबथबलेला. मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात म्हणाला, "ताई, आमच्या न्हाणीचं दार अरुंद आहे. घरी गेल्यावर काय करू?"

त्याच रात्री मी ठरवलं.

मुरलीकांत पेटकरांचं नाव इथे सगळ्यांच्या तोंडी. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि 1972 ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक आणलं. ऊर भरून येतो. पण या मुलाला आत्ता पदक नकोय, संडासला एकट्याने जायचंय. मग पेन्शनचे कागद, एखादं काम शिकणं, वर्दी उतरल्यावर गावात कोण म्हणून बसायचं ते. इस्पितळ जीव वाचवतं, पण पुढची चाळीस वर्षं घरातच काढायची असतात.

बाबा, काकांचं लिहू नये असं चारदा ठरवलं. 2002 नंतर, पाय कापल्यावर, ते वानवडीच्या लष्करी कृत्रिम अवयव केंद्रातून नवा पाय घेऊन आले तेव्हा मी त्याला माझा शाळेचा मोजा घातला होता, आठवतं? चार-पाच महिन्यांत त्यांनी तो लावणं सोडलं आणि आपण सगळे म्हणालो, हट्टी आहे. कापलेला पाय पहिल्या वर्षात आक्रसत जातो. मग नव्या पायाची वाटी, जिच्यात तो बसतो, ती सैल होते, घासते, जखम करते. परत जाऊन नवी वाटी करून घ्यायची असते. हे मला कॉलेजात कळलं, आणि घरी सांगायचा धीर झाला नाही. काका हट्टी नव्हते, त्यांना दुखत होतं. आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्याकडे बोट नाही हो बाबा. तुम्ही तर त्यांना पाठुंगळी घेऊन देवळाच्या पायऱ्या चढलात, मी मागून त्यांची काठी घेऊन येत होते.

माझी काळजी नको. खोली हवेशीर आहे, गरम पाणी येतं, शेजारची बाई कारवारची आहे. मासे आपल्यासारखे नाहीत, पण आईने दिलेली सोलं पुरवून वापरते. गोवा एक्सप्रेस सरळ पुण्याला येते, तेव्हा कधीही या.

आता ऐका. बाबांनी साखरेची गोळी पेज जेवायच्या आधी घ्यायची, आठवण झाली की मग नव्हे. पायाला बारीक जखम दिसली तरी मला फोटो पाठवा. आई, रक्तदाबाची गोळी उपासालासुद्धा चुकवायची नाही. गोळ्या संपत आल्या की शेजारच्या मुलाला सांगायचं, तो म्हापशाहून आणील, मी बोलले आहे. आणि चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधायला स्टुलावर चढायचं नाही, दोघांनीही. मी दोन दिवस आधी येते.

काकांचा पाय माळ्यावर जुन्या लुंगीत गुंडाळलेला आहे. तो एवढ्यात काढायला जाऊ नका, शिडी हलते. मी आले की उतरवीन.

तुमची,
बाय